बाइकला टर्बो लावला की पॉवर तर वाढते, मग इंजिन का बसतं?

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालात की शिरूर मागे पडल्यावर राळेगणसिद्धीचा फाटा येतो. हे गाव देशभर माहीत झालं ते पाणलोटाच्या कामामुळं. वाहून जाणारं पाणी अडवायचं, जिरवायचं आणि मग वापरायचं. टर्बोचार्जर नावाचं यंत्र नेमकं हेच करतं. फक्त पाण्याच्या जागी तिथं सायलेन्सरमधून वाहून जाणारा गरम धूर असतो.

पेट्रोल जाळून जी उष्णता तयार होते, तिचा जवळपास एक तृतीयांश भाग या धुरासोबत बाहेर जातो. ही फुकट जाणारी ताकद वापरायची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची, त्यानं 1905 मध्ये पेटंटही घेतलं. एकाच दांड्यावर दोन छोटी चाकं बसवायची. एक चाक धूर फिरवतो, त्याच्यासोबत फिरणारं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच सीसीच्या इंजिनातून जास्त पॉवर मिळते. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे मारतो.

याच हायवेवर धावणारे ट्रक, पिकअप, ट्रॅव्हल्स, बहुतेक सगळ्यांना टर्बो असतो. ती इंजिनं लाखो किलोमीटर चालतात. मग रील बघून कुणी आपल्या ड्यूकला टर्बो किट लावलं की ते इंजिन काही दिवसांत का बसतं?

उत्तर उष्णतेत आहे. हवा दाबली की ती तापते, सायकलला हवा भरताना पंप गरम होतो तसंच. गणित करून बघा. बाहेर 40 अंश तापमान आहे आणि टर्बो हवेला दीडपट दाबतोय. बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या आसपास पोहोचते. तापलेली हवा फुगते, त्यामुळं दाब दीडपट असला तरी प्रत्यक्षात हवा मिळते साधारण सव्वापट. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा 60 अंशांवर आणली तर हा आकडा 1.4 च्या पुढं जातो. म्हणजे इंटरकूलर नसलेलं स्वस्त किट पॉवर कमी देतं आणि ताप जास्त.

डिझेल इंजिनाला या तापाचं फारसं वाकडं नाही. तिथं आधी फक्त हवाच दाबली जाते आणि डिझेल शेवटी फवारतात. पेट्रोल इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधीच सिलेंडरमध्ये असतं. ते जास्त तापलं की प्लगच्या ठिणगीची आग पोहोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर चुकीच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की येणारा टकटक आवाज तो हाच. साध्या बाइकवर तो थोडा वेळ चालून जातो. टर्बोच्या दाबाखाली मात्र काही सेकंदांत पिस्टनला भोक पडतं किंवा रिंगांच्या कडा तुटतात.

आता शिक्रापूरहून चाकणकडे वळा. तिथल्या बजाजच्या कारखान्यात बनलेली 373 सीसीची केटीएम 390 ड्यूक भारतात 2013 ला आली, साधारण 43 हॉर्सपॉवरची. तिचा कॉम्प्रेशन रेशो 12.5 ते 13 च्या दरम्यान, म्हणजे पिस्टन मिश्रणाला आधीच तेवढ्या पटीनं दाबतो. त्यात टर्बोची भर घालणं म्हणजे भरलेल्या पोत्यात लाथ मारून अजून धान्य कोंबणं.

ज्या कंपन्यांनी हे खरंच करून विकलं त्यांनी काय केलं होतं? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या चारही मोठ्या कंपन्यांनी टर्बो बाइक काढल्या. होंडाच्या साध्या सीएक्स 500 चा रेशो 10 होता, टर्बोवाल्या मॉडेलला त्यांनी तो 7.2 वर आणला. पॉवर 50 वरून 82 हॉर्सपॉवरवर गेली. कावासाकीनं जीपीझेड 750 टर्बोला 7.8 ठेवला. या बाइक महाग पडल्या, ॲक्सिलरेटर पिळल्यावर पॉवर यायला वेळ लागायचा, आणि दशक अर्ध्यावर येईतो सगळ्या बंद झाल्या. 2015 च्या निंजा एच 2 मध्ये कावासाकीनं धुराऐवजी इंजिनानंच गिअरवाटे फिरणारा सुपरचार्जर बसवला. रेशो तिथंही 8.5 च. किट विकणारा हे सांगत नाही, कारण रेशो उतरवायचा म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच बदलायचे.

पुन्हा पाण्याकडे येऊ. पाझर तलावाच्या बांधाला सांडवा लागतो, नाहीतर मोठ्या पावसात बांधच फुटतो. टर्बोचा सांडवा म्हणजे वेस्टगेट. जास्त धूर, म्हणून टर्बो जोरात, म्हणून जास्त हवा, म्हणून अजून जास्त धूर, असं हे चक्र वाढतच जातं. ठरलेल्या दाबावर वेस्टगेट उघडतो आणि जादा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. पॉवर अजून हवी म्हणून वेस्टगेटची स्प्रिंग कडक करणं हा सगळ्यात सोपा बदल आहे, आणि इंजिनाला सगळ्यात महागात पडणारा.

दुसरी अडचण पेट्रोलची. हवा वाढली तर पेट्रोल त्याच प्रमाणात वाढायला हवं, त्यासाठी मोठे इंजेक्टर, दमदार पंप आणि नव्यानं ट्यून केलेला ईसीयू लागतो. हे ट्यूनिंग 100 ऑक्टेनवर केलं असेल तर पुण्यात चालून जाईल. पण हायवेवरच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळालं आणि तेच भरून फुल्ल थ्रॉटल दिला, की नॉकिंग आलंच.

ऑइलचं दुखणं बाइकलाच जास्त. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. त्यात आता टर्बोचं बेअरिंगही आलं. टर्बो इंजिनाच्या पुढं खाली बसवला तर ऑइल उताराने चेंबरमध्ये परत जात नाही, ओढून घ्यायला वेगळा पंप लागतो. लाल झालेला टर्बो तसाच बंद केला तर आतलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. ट्रॅव्हल्सचे जुने ड्रायव्हर गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवतात ते यासाठीच.

सिंगल सिलेंडरची तर अजून वेगळी तऱ्हा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच धुराचा झटका येतो, मध्ये टर्बो मंदावतो. म्हणून हवा साठवायला मध्ये एक डबा लागतो, आणि ड्यूकच्या टाकीखाली त्याला जागा शोधता शोधता मेकॅनिकचा घाम निघतो.

हे सगळं नीट केलेल्या बाइक ड्रॅग रेसिंगमध्ये धावतात. पिस्टन आणि रॉड फोर्ज्ड, क्लच मजबूत, बूस्ट कमी, आणि मिश्रणात पेट्रोल पुरेसं आहे का हे सतत दाखवणारा मीटर. नुसतं किट लावून हप्त्यावरची गाडी रस्त्यावर आणली तर फुल्ल स्पीडला इंजिन सीझ होऊन मागचं चाक लॉक होऊ शकतं. बिघाडाची ही सगळ्यात वाईट तऱ्हा.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी क्लेम अडवू शकते, ते वेगळंच.