त्रेसष्ट हृदयं

जायंट सेल मायोकार्डायटिस माणसाला वेळच देत नाही. चाळिशीतला धडधाकट माणूस जिना चढताना धापा टाकू लागतो, पाय सुजतात आणि काही आठवड्यांत हृदय थकून जातं. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या टी-पेशीच हृदयाच्या स्नायूवर तुटून पडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी दिसतात, त्यावरून हे नाव. आजाराचं वर्णन १९०५ मध्येच झालं होतं. पण पुढे कित्येक दशकं निदान व्हायचं ते बहुधा शवविच्छेदनात.

वाट सापडली ती हृदय-प्रत्यारोपणाच्या कामातून. परक्याचं हृदय शरीर नाकारतंय का, हे पाहण्यासाठी स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्ह्ज यांनी १९७०च्या दशकात मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन कणभर तुकडा काढण्याची पद्धत बसवली. जिवंत माणसात निदान शक्य झालं. पाठोपाठ नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून टी-पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरीन आलं. परक्या हृदयाला जपणारं हे औषध माणसाचं स्वतःचं हृदय वाचवेल का?

पडताळायला रुग्ण हवेत, आणि एका रुग्णालयात असा रुग्ण क्वचितच यायचा. अमेरिकी हृदयतज्ज्ञ लेस्ली कूपर आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत निवेदनं दिली, जगभरच्या हृदयकेंद्रांना पत्रं धाडली. जमले फक्त ६३ रुग्ण. मला या शोधातलं सर्वांत मोठं काम हेच वाटतं.

निष्कर्ष १९९७ मध्ये छापून आले. प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंच औषध न मिळालेल्या ३० जणांचं हृदय सरासरी ३ महिने टिकलं. स्टेरॉइडसोबत सायक्लोस्पोरीन, अ‍ॅझाथायोप्रीन किंवा दोन्ही मिळालेल्या २२ जणांचं १२.३ महिने. नुसत्या स्टेरॉइडचा फारसा उपयोग दिसला नाही. ही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, त्यामुळे आकडे जपूनच वाचायला हवेत. पण इशारा स्पष्ट होता. प्रत्यारोपण झालेल्या ३४ पैकी ९ जणांच्या नव्या हृदयातही आजार परतला होता.

२०१३ मध्ये फिनलंडमधल्या ३२ रुग्णांचा अहवाल आला. त्यांतल्या बहुतेकांना एकत्रित औषधं मिळाली होती. वर्षभरानंतर ६९ टक्के, तर पाच वर्षांनी ५२ टक्के रुग्ण स्वतःच्याच हृदयावर जगत होते. औषधं मात्र सहजासहजी थांबवता येत नाहीत. काहींचा आजार कित्येक वर्षांनी पुन्हा उसळला आहे.