गोन्सालोचा दिवस

पहाटे साडेपाच. चर्चची घंटा झाली की आमच्या आळीत एकेक दिवा लागतो. कुणी मिस्साला निघतं, कुणी केळीला पाणी सोडायला, कुणी भाजीच्या टोपल्या घेऊन लोकल गाठायला. मी मिस्साहून आले की पिशवी भरते. आज पिशवीत सुंभाचा दोर आहे, कात्री आहे आणि नागासाकीच्या हुतात्म्यांच्या स्मारकाचा मोठा फोटो. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सहावीच्या मुलांना संत गोन्सालो गार्सिया शिकवते. 1557 च्या सुमारास आमच्या वसईत जन्मलेला मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत.

सव्वासात. परिपाठ, हजेरी.

आठ. पहिल्या वर्षी मी थेट क्रूसापासून सुरुवात केली होती. कान कसा कापला, भाले कसे मारले, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई शाळेत आली. म्हणाली, "टीचर, तो रात्रभर कानावर हात धरून पडला होता." ती चूक माझी होती. तेव्हापासून मी मरण शेवटी ठेवते आणि थोडक्यात सांगते. आधी विचारते, "मठात राहणारा माणूस दिवसभर करतो काय?"

"प्रार्थना!" सगळा वर्ग एका सुरात.

"किती?"

इथे वर्ग गप्प होतो. मग मी गोन्सालोच्या संघाचा, म्हणजे संत फ्रान्सिसचा, 1223 चा नियम फळ्यावर मांडते. पुस्तकातली लॅटिन स्तोत्रं फादरांनी म्हणायची. साध्या ब्रदरने प्रभूची प्रार्थना मोजून म्हणायची. रात्रीच्या उपासनेला 24 वेळा, पहाटे 5, दिवसातल्या चार वेळांना प्रत्येकी 7, सायंकाळी 12, झोपण्याआधी 7. मुलं बोटांवर बेरीज करतात. उत्तर येतं 76. "रोज?" रोज. आणि त्याशिवाय झाडलोट, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा. गोन्सालो शेवटपर्यंत ब्रदरच होता, मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू नव्हे, हे मला मुलांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. "म्हणजे फादरपेक्षा लहान?" असा प्रश्न दरवर्षी येतो. मी म्हणते, काम वेगळं.

नऊ. दोराचे तुकडे वाटते. फ्रान्सिस्कन कमरेला जो दोर बांधतात त्याला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. सुंभाची गाठ सहज बसत नाही. कुसं बोटांना टोचतात, ओढली की सैल होते. शेवटी एकाने दोराला पाणी लावलं, तेव्हा ती घट्ट बसली. दारिद्र्य समजावताना मला माधुकरी आठवते. पाच घरी जाऊन मिळेल ते झोळीत घेणारा विद्यार्थी मुलांना आजोबांच्या गोष्टींतून माहीत असतो. फ्रान्सिसचे बंधूही असेच भिक्षेवर जगत. संत बेनेडिक्टचे मठवासी एका मठात जन्म काढत. फ्रान्सिसचे बंधू मात्र गावोगाव फिरत.

साडेनऊ ते बारा. वसईचा किल्ला. या भेटीची मी वर्षभर वाट पाहते. फ्रान्सिस्कनांच्या चर्चला आता छप्पर नाही, कमानी तेवढ्या उभ्या आहेत. पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. मुलं चपला काढून त्यांवरून जपून चालतात. मी सांगितलेलं नसतं. एकजण विचारतो, "गोन्सालो इथेच ब्रदर झाला ना?" नाही. तो याच किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारही केला. फ्रान्सिस्कन झाला तो मनिलात. 1593 मध्ये फादर पेद्रो बाउतिस्तांबरोबर तो पुन्हा जपानला गेला, दुभाषी म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर फादर बोलायचे आणि ते जपानीत मांडायचा गोन्सालो. क्योटोत त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवलं. तिथेही रोग्यांशी बोलायला असा माणूस लागलाच असणार.

सावलीत बसून सुकेळी वाटली. केळ्याचा गोड चिकटपणा बोटांना, आणि त्याच बोटांनी मुलं फोटोतले पुतळे मोजतात. सव्वीस. फादर, ब्रदर, आणि त्यांहून जास्त साधे जपानी संसारी लोक. मग मी एका ठेंगण्या पुतळ्यावर बोट ठेवते. लुईस इबाराकी, वय वर्षं बारा.

"आमच्याएवढा?"

"तुमच्याएवढा."

उरलेलं मी पाच मिनिटांत सांगते. हिदेयोशीच्या हुकमाने या लोकांना क्योटोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत महिनाभर चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 ला टेकडीवर सव्वीस क्रूस. 1862 मध्ये सगळ्यांना संतपद. कुणी काही विचारत नाही, आणि मीही ती शांतता मोडत नाही. मग वह्या उघडायला सांगते: आपला दिवस लिहा, तासातासाने, आणि त्यात दुसऱ्यासाठी केलेलं एक काम.

साडेबारा. शाळा सुटली. दोर कुणी टाकला नाही. दोघांनी तर कमरेला बांधला होता.

चार. ओट्यावर बसून वह्या तपासते. बहुतेकांच्या दिवसात शाळा, क्लास, क्रिकेट, मोबाइल. काम म्हणून कुणी दळण आणलं, कुणी वाडीतल्या फुलांना पाणी घातलं. मी ही कामं शेऱ्याशिवाय सोडत नाही. प्रत्येकापुढे दोन शब्द लिहिते. मुलं आधी तेवढेच वाचतात, हे मला ठाऊक आहे.

सव्वीस वह्यांनंतर एका मुलीची वही हाती आली. वर्गात ती फारशी बोलत नाही. संध्याकाळी सहाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "आजीला दवाखान्यात नेते. डॉक्टर हिंदी बोलतात, आजी कादोडी. मी दोघांच्या मधे बसते."