दातांवरील जंतूंची वस्ती

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. परंतु दातात अळी नसते. दात पोखरण्याचे कार्य अतिसूक्ष्म जंतू करीत असतात. १६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरील मळ भिंगातून पाहून त्यातील जीवांचे वर्णन लिहून ठेवले.

हे जंतू सुटे राहत नाहीत. दातांवर चिकट थर करून ते त्यात वस्ती करतात. साखर, पेपरमिंट, बिस्किटे इत्यादी पदार्थांपासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. थराच्या आडोशामुळे जंतुनाशक औषधही आतपर्यंत नीट पोचत नाही.

जंतू परस्परांना संदेशही देतात. प्रत्येक जंतू विशिष्ट रासायनिक द्रव्य बाहेर सोडतो. वस्ती दाट झाली म्हणजे त्या द्रव्याचे प्रमाण वाढते आणि मग सर्व जंतू आपले वर्तन एकदम बदलतात. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्यावाचून कामकाज सुरू होत नाही, तसाच हा प्रकार होय.

२०२५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या अशा थरातील संदेशद्रव्य विकरांच्या साह्याने नष्ट करून पाहिले. तेव्हा हवेशीर स्थितीत, निरोगी तोंडात आढळणाऱ्या जंतूंचे प्रमाण वाढले. जंतू सरसकट मारण्याऐवजी त्यांचा संदेश तोडावा, म्हणजे उपकारक जंतू टिकून राहतील, ही त्यामागील कल्पना होय.

हा उपचार अद्याप आर्वीसारख्या तालुक्यातील खेड्यांपर्यंत आलेला नाही. तोवर वस्ती दाट होण्यापूर्वीच ती मोडणे आपल्या हाती आहे. थर पुनःपुन्हा जमतो; म्हणून सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी व ती थुंकावयास लावावी. तंबाखूची मिश्री कोणीही वापरू नये.

पहिलीच्या वर्गशिक्षकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजून दुर्लक्ष करतात. ती गमावली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. पालकसभेत हे समजावून सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी, दातांवर काळा डाग वा खळगा असलेली मुले त्यास आवर्जून दाखवावीत.