सौर विजेचा जमाखर्च

17 मार्च 1958 रोजी अमेरिकेने ‘व्हॅनगार्ड-1’ हा लहानसा उपग्रह अवकाशात सोडला. त्यावर दोन प्रक्षेपक होते. एक बॅटरीवर चालणारा, दुसरा सौर विद्युत्‌घटांवर. पहिला त्याच वर्षी जूनमध्ये बंद पडला. दुसरा मात्र 1964 पर्यंत संदेश पाठवीत राहिला. सिलिकॉनच्या घटात हालणारा वा झिजणारा भाग नसतो, हे त्याच्या टिकाऊपणाचे एक प्रमुख कारण होय.

परंतु घराच्या छपरावर आपली शिल्लक गुंतवू पाहणाऱ्या गृहस्थाला दोन प्रश्न पडतात. ही सामग्री किती वर्षे टिकेल? आणि घातलेला पैसा केव्हा परत येईल?

पहिल्या प्रश्नावर स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील अनुभव प्रकाश टाकतो. तेथे 1982 मध्ये बसविलेल्या 10 किलोवॉटच्या संचाची 35 वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक पॅनेलांची शक्ती मूळच्या चार-पंचमांशाहून जास्त उरली होती. तथापि तेथील हवामान समशीतोष्ण आहे. आपल्याकडील उष्णतेत व दमट हवेत ही घट अधिक वेगाने होते.

आता पैशाचा हिशेब पाहू. केंद्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या योजनेत 3 किलोवॉटच्या संचाची आधारभूत किंमत 1,45,000 रुपये धरून 78,000 रुपयांचे अनुदान ठरविले. एका किलोवॉटमागे दररोज सरासरी 4 युनिटे मिळतात असे मानले, तर वर्षाला सुमारे 4,400 युनिटे होतात. विजेचा दर युनिटमागे 5 रुपये असल्यास 22,000 रुपये वाचतात. म्हणजे अनुदानासह सुमारे तीन वर्षांत, अनुदानाविना साडेसहा वर्षांत भांडवल वसूल होते. मात्र ज्याचा दर 3 रुपयेच आहे, त्याला हाच काळ अनुक्रमे पाच व अकरा वर्षे लागेल.

शिवाय पॅनेले टिकली, तरी इन्व्हर्टर साधारणतः दहा ते पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. काचेवर धूळ साचली किंवा शेजारच्या झाडाची सावली पडली, तर उत्पन्न घटते. म्हणून संच घेण्यापूर्वी वर्षभराची वीजबिले तपासावीत, छपरावरील सावली दिवसभर न्याहाळावी, हमीपत्र लेखी घ्यावे आणि इन्व्हर्टरसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूस ठेवावी. सूर्य बिल पाठवीत नाही हे खरे. पण त्याची वीज घरात आणणाऱ्या सामग्रीचा खर्च हिशेबात धरावाच लागतो.