उलटं पायडल

महाडच्या बाजारपेठेत पायमशीनवर बसलेल्या शिंप्याकडे जरा निरखून पाहावं. पाय नुसते झुलत असतात. एक दांडा ते झुलणं चाकापर्यंत नेतो आणि चाक गरगर फिरतं. शिकाऊ पोराच्या पायाखाली तेच चाक हटकून उलटं फिरतं नि दोरा गुंततो. पायडल टोकाला गेलं की क्रँक (चाकाच्या आसावरचा आडवा हात) आणि दांडा एका रेषेत येतात. तिथून चाक कुठल्याही बाजूला जाऊ शकतं. म्हणून मुरलेला शिंपी आधी चाकाला हात मारतो, मग पाय देतो.

आता हेच उलटं करा. चाकाने पाय हलवायचा.

नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर थिओ यान्सन १९९० पासून हेच करत आहेत. १९४८ साली जन्मलेले यान्सन डेल्फ्टला भौतिकशास्त्र शिकायला गेले आणि तिथून चित्रकलेकडे वळले. १९९० मध्ये वर्तमानपत्रातल्या सदरात त्यांनी एक कल्पना मांडली : वाऱ्यावर चालणारी जनावरं किनाऱ्यावर वाळू उडवत फिरतील, वाळूच्या टेकड्या उंच राहतील, समुद्र बाहेर थांबेल. (जुलै २०२१ मध्ये दुकानात पुराचं पाणी पाहिलेल्या महाडकरांना ही काळजी समजावून सांगायला नको.) बांध काही झाला नाही. जनावरं झाली. वायरिंगच्या पिवळट प्लॅस्टिक नळ्यांची, ‘स्ट्रँडबीस्ट’ नावाची.

खरी करामत पायात आहे. एका पायाला ११ नळ्या. क्रँक १५ मापाचा धरला तर सगळ्यांत आखूड नळी ३६.७ आणि सगळ्यांत लांब ६५.७. ही मापं यान्सननी संगणकाकडून काढून घेतली : असंख्य जुळण्यांतून चांगल्या ठेवायच्या, त्यांच्यातून पुन्हा नव्या काढायच्या. क्रँक गोलच फिरतो, पण पाऊल जमिनीवर सरळ रेषेत मागे सरकतं, मग चटकन उचलून पुढे येतं. धड वरखाली होत नाही. बघणाऱ्याला जनावर ‘जिवंत’ वाटतं ते एवढ्यामुळेच.

पाय तिनाच्या गटात, एकमेकांपासून तिसऱ्या हिश्शाच्या फेऱ्याने पुढेमागे. एक हवेत असताना दुसरा टेकलेला असतो. आणि इथे क्रँकच पाय हलवतो, म्हणून चाकाला हात मारायला कोणी लागत नाही.

पण पायच कशाला? पोलादपूरकडच्या खाचरात चिखलणी पाहिलेला हे विचारणार नाही. गाडीचं चाक रुततं तिथे बैल पाय उचलून पुढे जातो. चाकाला वाटेतली इंचन् इंच जमीन तुडवावी लागते, पावलाला मधली सोडता येते. पायांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना नवी नाही : रशियन गणिती चेबिशेव यांचं चार पायांचं चालतं यंत्र १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात होतं. त्याला वारा मात्र ठाऊक नव्हता.

यान्सन यांच्या पुढच्या जनावरांना पंख आहेत. ते हलतात तेव्हा सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत हवा कोंडली जाते आणि वारा पडल्यावर त्या हवेवर जनावर आणखी काही पावलं टाकतं. एक नळी जमिनीलगत हवा ओढत असते. तिच्यात पाणी शिरलं की ओढ जड होते, आणि जनावर समुद्राकडे पाठ करून माघारी चालू लागतं.