झाकणावरचं पाणी आणि नुसेल्टचा पापुद्रा

फरसबीला वाफ काढायची तर कढईवर ताट ठेवून त्यात पाणी ओततात. आतली वाफ ताटाच्या थंड बुडाला लागते, तिचं पाणी होऊन पुन्हा भाजीत ठिबकतं, आणि भाजी करपत नाही. मुंबईतल्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावर हाच उद्योग चालतो. नाफ्थ्याची वाफ कंडेन्सरच्या थंड नळ्यांवर द्रव होते, तिचा काही भाग मनोऱ्यात परत सोडतात. कारखान्यात त्याला रिफ्लक्स म्हणतात. स्वयंपाकघराला त्यासाठी शब्द लागलाच नाही.

तिथलं ताट मात्र अंदाजपंचे घेता येत नाही. नळ्या कमी पडल्या की वाफ तशीच पुढे जाते आणि मनोऱ्यातला दाब चढतो.

नळ्या किती लागतील, याच्या मुळाशी असलेलं गणित १९१६ साली विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन अभियंत्याने सोडवलं. त्याने हेरलं, की अडथळा वाफेचा नाहीच, तिच्यापासून झालेल्या द्रवाचा आहे. नळीवर द्रवाचा पापुद्रा बसतो आणि उष्णतेला त्यातूनच वाट काढावी लागते. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, चिकटपणा धरून ठेवतो; जाडी या ओढाताणीत ठरते. उत्तर एका ओळीचं, त्यात चतुर्थमूळ. त्यामुळे सूत्र मोठं क्षमाशील: द्रवाचा चिकटपणा सोळापट वाढला, तरी उष्णतेचं वहन निम्म्यावरच येतं!

हवा मात्र क्षमाशील नाही. वाफेत जेमतेम अर्धा टक्का हवा मिसळली तर वहन जवळपास निम्मं होतं, हे डोनाल्ड ऑथमरने १९२९ मध्ये मोजून दाखवलं. वाफ द्रव होऊन निघून जाते, हवा मात्र नळीभोवती कोंडाळं करून बसते.

रिफायनरीत तर मिश्रणच. जड घटक आधी द्रव होतात, हलके रेंगाळतात. कोलबर्न आणि हौगेन यांची १९३४ ची पद्धत काटेकोर, पण हाताने करायला जीवघेणी. सिल्व्हरने १९४७ मध्ये आणि बेल-घाली यांनी १९७३ मध्ये घटकांच्या विसरणाचा हिशेबच टाळला. वायूला थंड करण्यातला अडथळा तेवढा धरला. जुगाडच म्हणा, पण प्रामाणिक: चुकलाच तर बहुधा नळ्या जास्त सांगतो.

प्रश्न उरतो तो पाण्याच्या पहिल्या थेंबाचा. मनोऱ्यात सोडलेली पाण्याची वाफही नाफ्थ्यासोबत वर येते. कच्च्या तेलातल्या क्षारांपासून झालेला हायड्रोजन क्लोराइड त्या थेंबात विरघळतो आणि नेमक्या तिथेच पोलाद कुरतडतो. म्हणून ती जागा आधी हुडकून, तिच्या अलीकडेच पाण्याचा फवारा सोडतात.