दोन संगणक, एकच फाइल

समजा, दहावीच्या एका तुकडीचा गुणतक्ता शाळेच्या कार्यालयातील संगणकावर आहे आणि त्याचीच एक प्रत वर्गशिक्षकांच्या घरच्या संगणकावर आहे. बाराव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला गणितात ३३ गुण पडले होते. फेरमोजणीत ते ३६ निघाले. वर्गशिक्षकांनी शनिवारी रात्री घरच्या प्रतीत ही दुरुस्ती केली. सोमवारी सकाळी कार्यालयात लिपिकाने चौतिसाव्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीचे राहून गेलेले गुण भरले. आता दोन्ही प्रती सारख्या करायच्या आहेत. ‘नंतरची फाइल ठेवा, आधीची पुसा’ असा सरळ हुकूम संगणकाला दिला, तर सोमवारची फाइल राहील, शनिवारची जाईल आणि उत्तीर्ण झालेला मुलगा पुन्हा नापास होईल. संगणक मात्र ‘काम पूर्ण झाले’ असेच सांगेल!

अनेक संगणकांवरील फाइलींचा असा मेळ घालण्याला इंग्रजीत सिंक्रोनायझेशन किंवा थोडक्यात ‘सिंक’ म्हणतात. वरवर पाहता हे नकला करण्याचे काम वाटते. पण त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, दोन प्रतींत फरक नेमका कोठे आहे? दुसरा, फरक सापडल्यावर राखायचे काय?

न पाहता फरक कसा शोधावा?

दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर फरक डोळ्यांनी दिसतो. पण एक वही पुण्यात आणि दुसरी नागपुरात असेल तर? सगळी वही पाठवून मग ताडून पाहणे हा एक मार्ग झाला. पण सगळीच पाठवायची तर ताडून पाहण्यात काय फायदा? आंद्रे नव्हे, तर अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने पॉल मॅकेरस यांच्यासह १९९६ साली यावर एक सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘आरसिंक’. तो आजही जगभर वापरात आहे.

युक्ती अशी. जुनी फाइल ज्याच्याकडे आहे तो संगणक तिचे सारखे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावरून एक संख्या काढतो. या संख्येला आपण तुकड्याचा ‘ठसा’ म्हणू. माणूस न पाहता अंगठ्याच्या ठशावरून त्याची ओळख पटते, तसेच हे आहे. फाइल १०,००,००० बाइटची आणि तुकडा १,००० बाइटचा धरला, तर १,००० तुकडे होतील. मूळ पद्धतीत एका ठशाला २० बाइट लागत. म्हणजे सगळे ठसे मिळून २०,००० बाइट; मूळ फाइलीच्या अवघा पन्नासावा भाग! हे ठसे पलीकडे पाठवायचे. पलीकडचा संगणक आपल्या नव्या फाइलीत ते शोधतो आणि जो भाग जुळत नाही तेवढाच परत पाठवतो.

पण येथे एक अडचण आहे. नव्या फाइलीच्या आरंभी एकच अक्षर वाढवले, तर पुढची सगळी अक्षरे एकेक घर सरकतात. तुकड्यांच्या सीमा बदलतात आणि एकही ठसा जुळत नाही. म्हणून नव्या फाइलीत ठसा प्रत्येक जागेपासून काढून पाहावा लागतो. दहा लाख वेळा हजार अंकांचा हिशेब कोण करणार? त्यासाठी ‘सरकती बेरीज’ उपयोगी पडते.

४, ७, २, ९, ५ हे अंक घ्या. पहिल्या चारांची बेरीज २२. आता एक घर पुढे सरका. पुन्हा बेरीज करण्याचे कारण नाही. मागचे ४ वजा करा, पुढचे ५ मिळवा, उत्तर २३. मात्र नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही. ९, २, ७, ४ यांचीही बेरीज २२ च येते. म्हणून जोडीला दुसरी, वजनदार बेरीज घेतात : ४×४ + ३×७ + २×२ + १×९ = ५०. उलटा क्रम घेतला, तर हीच बेरीज ६० येते. ही दुसरी बेरीजही सरकवता येते. ५० मधून ४×४ वजा करा आणि नवी साधी बेरीज २३ मिळवा, उत्तर ५७. कागदावर ताळा करून पाहा! ही स्वस्त बेरीज जुळली, तरच संगणक दुसरा, अधिक मेहनतीचा आणि अधिक भरवशाचा ठसा काढून खात्री करून घेतो.

घड्याळावर विसंबावे का?

फरक सापडला. आता राखायचे काय? ‘फाइलीवरची वेळ पाहा’ असे कोणीही म्हणेल. संगणकातील घड्याळ क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालते. हा स्फटिक बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत २० इतकी चूक असली, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक पडतो. इंटरनेटवरून घड्याळ लावून घेता येते, हे खरे. पण आपल्या गुणतक्त्याच्या बाबतीत दोन्ही घड्याळे अगदी बिनचूक होती. तरीही मुलगा नापास झालाच! कारण सोमवारची फाइल शनिवारच्या फाइलीनंतरची होती, पण शनिवारच्या फाइलीवरून तयार झालेली नव्हती. ‘नंतर’ आणि ‘त्यावरून’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ साली एका निबंधात हाच मुद्दा मांडला. दूरदूरच्या संगणकांवरील घटनांचा क्रम घड्याळावरून नव्हे, तर कोणत्या घटनेचा परिणाम कोणत्या घटनेपर्यंत पोचू शकला यावरून ठरवावा, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९८३ साली लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी त्यासाठी एक सोपी नोंदवही सुचवली. प्रत्येक फाइलीबरोबर कोणत्या संगणकावर किती बदल झाले याचे आकडे ठेवायचे. शेवटचा मेळ बसला तेव्हा दोन्ही प्रतींवर (शाळा ५, घर ३) अशी नोंद होती असे समजू. वर्गशिक्षकांच्या दुरुस्तीनंतर घरची नोंद (५, ४) झाली. लिपिकाने भर घातल्यावर शाळेची नोंद (६, ३) झाली. आता पाहा : एकात पहिला आकडा मोठा, दुसऱ्यात दुसरा. म्हणजे कोणतीही प्रत दुसरीला सामावून घेत नाही. हा झगडा आहे! लिपिकाने काहीच केले नसते, तर (५, ३) आणि (५, ४) अशा नोंदी असत्या आणि घरची प्रत निर्धास्तपणे घेता आली असती.

तिसरा साक्षीदार

झगडा मिटवायला तिसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे मागच्या मेळाच्या वेळची जुनी प्रत. जुन्या प्रतीत बारावा क्रमांक ३३, शाळेत ३३, घरी ३६. अर्थात बदल घरी झाला, तो घ्यावा. चौतिसावी जागा जुन्या प्रतीत रिकामी, घरी रिकामी, शाळेत भरलेली. तो बदलही घ्यावा. दोघांचेही काम वाचले.

फाइल पुसण्याच्या बाबतीतही असेच होते. एक फाइल घरी आहे, शाळेत नाही. ती घरी नव्याने केली, की शाळेत पुसून टाकली? नुसत्या दोन यंत्रांकडे पाहून हे कधीच कळणार नाही. म्हणून चांगले कार्यक्रम पुसलेल्या फाइलीचीही नोंद ठेवतात. तिला गमतीने ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड, असे म्हणतात.

पण साक्षीदारालाही मर्यादा आहेत. तक्त्याखाली तुकडीची सरासरी हाताने लिहिलेली असेल, तर ती दोघांनीही बदलली असणार. आणि खरी सरासरी त्या दोहोंहून वेगळी, तिसरीच असेल! येथे निवड करून भागत नाही, हिशेब पुन्हा करावा लागतो. छायाचित्रासारख्या फाइलींत तर ओळी जुळवण्याची सोय नसते. अशा वेळी प्रामाणिक कार्यक्रम दोन्ही प्रती जपून ठेवतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. तुमच्या संगणकावर एकाच नावाच्या दोन फाइली अशा रीतीने अवतरल्या, तर कंटाळून त्यांतील एक पुसू नका. दोन्ही उघडून पाहा. आणि मेळ म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एका यंत्रावर चुकून पुसलेली फाइल मेळ घालणारा कार्यक्रम इमानाने दुसरीकडेही पुसतो.

करून पाहा

दहा ओळींचा एक मजकूर तीन कागदांवर लिहा. एक कागद पेटीत ठेवा. उरलेले दोन दोघा मित्रांना द्या. प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता दोन ओळी बदलाव्या आणि एक ओळ खोडून मजकूर पुन्हा स्वच्छ लिहून काढावा. आता पेटीतला कागद न उघडता दोन्ही कागदांचा मेळ घालण्याचा प्रयत्न करा. कोठे अडते ते लिहून ठेवा आणि मगच पेटी उघडा.